चढताना तापणारं जुनं इंजिन: सिलिंडर काढण्याआधी काउलिंग बघा

टेक लॉगमधलं, म्हणजे विमानाच्या नोंदवहीतलं, वाक्य तेच असतं, अक्षर तेवढं बदलतं: ‘चढताना ऑइल टेंपरेचर हाय.’ विदर्भ-खानदेशातल्या फ्लाइंग क्लबांच्या हँगरांत एएमई, म्हणजे विमानं दुरुस्त करणारा परवानाधारक इंजिनिअर, म्हणून सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीला पुष्पक हे छोटं देशी विमान होतं, पुढे सेस्ना १५२ आणि १७२. होळी झाली की हा स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, यायचाच. आणि दर वेळी कुणीतरी गंभीर चेहऱ्याने म्हणायचं, ‘इंजिन गेलं वाटतं.’

इंजिन क्वचितच गेलेलं असतं. इंजिनापर्यंत यायची ती हवा मध्येच कुठेतरी पळालेली असते. ती कुठून पळते हे शोधायची माझी पद्धत इथे लिहितो, फुकटच्या तपासणीपासून महागाच्या तपासणीपर्यंत. उदाहरणं मुख्यतः जुन्या सेस्ना १७२ ची, म्हणजे लायकॉमिंग ओ-३२० इंजिनाची आहेत. पण हवेने थंड होणारं कुठलंही आडवं चार सिलिंडरचं इंजिन घ्या, गोष्ट फारशी बदलत नाही.

लक्षणं

‘तापतं’ एवढ्यावर काम सुरू करू नका. काय तापतं, कधी तापतं, हे आधी पायलटकडून काढून घ्या.

– सीएचटी (सिलिंडर हेडचं तापमान) आणि ऑइल टेंपरेचर दोन्ही वर, फक्त चढताना, क्रूझला (सरळ सपाट उड्डाणाला) आलं की खाली: हवेची गळती किंवा उडवण्याची पद्धत.

– एकच सिलिंडर तापतो, बाकीचे ठीक: त्या सिलिंडरजवळचं बॅफल (हवा वळवणारा पत्रा), घरटं, इनटेकची गळती किंवा प्रोब (तापमान मोजणारी सुई).

– सीएचटी ठीक, ऑइल मात्र तापतं: कूलर, त्याचा व्हर्नाथर्म (तापमानावर चालणारी झडप), तेलाची पातळी, किंवा पिस्टनच्या रिंगांतून खाली उतरणारा गॅस.

– सगळे सिलिंडर गरम आणि ईजीटी (एक्झॉस्टच्या गॅसचं तापमान) मात्र नेहमीपेक्षा कमी: मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं, टायमिंग पुढे सरकलंय का बघा.

– कालपर्यंत ठीक, आज अचानक: काल काउल (इंजिनावरचं झाकण, म्हणजेच काउलिंग) कुणी उघडलं होतं, ते विचारा.

जुन्या विमानांत बहुतेकदा सीएचटीचा एकच प्रोब असतो, कित्येकांत तोही नसतो, म्हणून सगळी तक्रार ऑइल टेंपरेचरच्या नावावर जमा होते. आणि सिलिंडरच्या नंबरांत घोळ करू नका. लायकॉमिंगचा १ नंबर पुढे उजवीकडे असतो, पुष्पकमधल्या कॉन्टिनेन्टलचा १ नंबर मागे उजवीकडे. ‘३ नंबर तापतो’ या निरोपावरून मी एकदा अर्धा दिवस भलत्याच सिलिंडरभोवतीची पट्टी बदलत बसलो होतो.

हवा इंजिनातून कशी जाते

हे दोन परिच्छेद टाळू नका. पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण यांत आहे.

प्रोपेलरच्या मागे दोन तोंडं दिसतात. तिथून हवा आत शिरते आणि इंजिनाच्या वरच्या खोलीत दाबून बसते. खालच्या खोलीत दाब कमी असतो. मधली फरशी म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्याभोवतीचे पत्रे, म्हणजे बॅफल. हवेने सिलिंडरवरच्या पातळ पात्यांच्या, म्हणजे फिन्सच्या, फटींतून खाली उतरावं आणि उतरताना उष्णता घेऊन जावं, एवढीच योजना. वरच्या खोलीत किती दाब तयार होऊ शकतो, हे वेगाच्या वर्गावर ठरतं. एअरस्पीड इंडिकेटरवर ताशी ९० मैल असतील तर येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४ इंच पाण्याइतका, ७५ मैलांना २.८ इंच, आणि क्रूझच्या ११५ मैलांना साडेसहा इंच. प्रोपेलरचा झोत त्यात थोडी भर घालतो, पण एकूण भांडवल एवढंच. गाडीच्या टायरमधल्या हवेशी तुलना केली तर हा दाब म्हणजे नुसती फुंकर आहे. अशा फुंकरीला बोटभर फट सापडली तर ती अरुंद फिन्समध्ये कशाला शिरेल?

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. ही विमानं ज्या अमेरिकन नियमांखाली पास झाली, त्यांत कडक उन्हाळ्याचा दिवस म्हणजे समुद्रसपाटीला १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. उंचीप्रमाणे त्यातूनही वजावट होते. नागपूरचा विमानतळ हजार फुटांवर आहे, म्हणजे तिथे हिशेब ३६ च्या आसपास येतो. मे महिन्यात दुपारी तिथे ४५ असतं. बाहेरची हवा जितक्या अंशांनी जास्त, साधारण तितक्याच अंशांनी सिलिंडर हेड जास्त, असा नियमांतला ठोकताळा आहे. म्हणजे कारखान्यातून आलेल्या कोऱ्या विमानालासुद्धा आपल्याकडे दुपारी एकला फारशी सवलत उरत नाही. पन्नास वर्षांचं, चुरगळलेल्या पट्ट्यांचं विमान तर आधीच उधारीवर चालतंय.

फुकटच्या तपासण्या

उडवण्याची पद्धत. शिकाऊ पायलट नाक वर धरून ७५ ला चढतो आणि इन्स्ट्रक्टर रेडिओवर गुंतलेला असतो. वरचे आकडे पुन्हा बघा: ९० ऐवजी ७५ म्हणजे दाब तीस टक्के कमी, आणि पॉवर मात्र पूर्ण. आधी पुस्तकातल्या वेगाने, तेही पहाटेच्या गार हवेत, एकदा चढून बघायला सांगा. स्नॅग तिथेच मिटला तर हँगरमध्ये येऊच नका. जमिनीवरही तेच: ग्राउंड रन वाऱ्याकडे तोंड करूनच. आणि ‘तापतंय ना, मग काउल काढून चालवू’ ही आयडिया सोडून द्या. काउल काढलं की वरची खोलीच राहत नाही. बॅफल जागेवर असून उपयोग नसतो.

मिक्श्चर, म्हणजे हवेत किती पेट्रोल मिसळायचं ते. लाल नॉब पूर्ण आत ढकला आणि दुसऱ्याला कार्बोरेटरवरचा लिव्हर बघायला सांगा. तो स्टॉपला टेकतो का? केबल ताणली किंवा घसरली तर पॅनेलवर ‘फुल रिच’ (पेट्रोल भरपूर) आणि कार्बोरेटरवर पाऊण रिच अशी गंमत होते. जादाचं पेट्रोल चढताना सिलिंडर थंड ठेवतं. ते मिळालं नाही तर चारही सिलिंडर एकदम तापतात.

तेल. डिपस्टिक बघा. ओ-३२० च्या जुन्या १७२ मध्ये सहा क्वार्टांच्या खाली उडू नका, असं पुस्तकच सांगतं. थोडंच तेल तेवढी उष्णता वाहून नेतंय, तर ते तापणारच. ग्रेडही बघा, हिवाळ्यातलं पातळ तेल मे महिन्यापर्यंत कुणी ठेवलेलं नाही ना.

घरटी. टॉर्च घ्या आणि दोन्ही तोंडांतून आत बघा. साळुंकी एका दिवसात गवताचा जो ढीग रचते, तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही. पण साळुंकी परवडली, तिचं घर दिसतं तरी. कुंभारीण माशी फिन्सच्या मध्ये मातीची बोटभर नळी लिंपते आणि ती धुळीच्याच रंगाची असते. मागच्या सिलिंडरच्या फिन्समध्ये अशा तीन नळ्या मी एकदा काढल्या होत्या. बांबूची काडी वापरा, स्क्रूड्रायव्हर नको, फिन तुटते. ऑइल कूलरची जाळीही तेव्हाच बघून घ्या. आणि विसरलेली चिंधी. ती कुणाची हे विचारू नका, कुणीच कबूल होत नाही. चिंध्या मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

गेज खोटं बोलतंय का

सिलिंडरवर संशय घेण्याआधी काट्यावर घ्या. ऑइल टेंपरेचरचा बल्ब काढून उकळत्या पाण्यात बुडवा. हजार फुटांवर पाणी ९९ सेल्सिअसला, म्हणजे २१० फॅरनहाइटला उकळतं. काटा २३० दाखवत असेल तर महिनाभर तुम्ही तापलेल्या इंजिनाशी नाही, म्हाताऱ्या गेजशी भांडत होतात. जुन्या गेजची केशनळी तांब्याची असते, ती मुडपू नका. एकदा मोडली की गेज बाद. सीएचटीचा प्रोब स्पार्क प्लगखालच्या वॉशरचा असेल, तर त्याचा आकडा हेडमध्ये घुसवलेल्या प्रोबशी जुळत नाही, दोघांची तुलना करू नका. एकच सिलिंडर गरम दाखवत असेल तर प्रोब शेजारच्या सिलिंडरला लावून पुन्हा उडवा. आकडा प्रोबबरोबर गेला तर चोर प्रोब आहे.

सील: इथे वेळ घालवा

माझ्या अनुभवात या स्नॅगचं घर इथे असतं. बॅफलच्या पत्र्याची वरची कड काउलपर्यंत पोचत नाही, मुद्दामच नाही, कारण इंजिन रबरावर डोलतं आणि काउल जागेवर असतं. मधली फट रबराची किंवा सिलिकॉनची पट्टी भरते. पट्टीला आधार वरच्या खोलीतल्या दाबाचाच. ती आत, म्हणजे वरच्या खोलीच्या बाजूला आणि पुढे झुकलेली हवी. मग दाब वाढला की तीच पट्टी काउलला आणखी घट्ट चिकटते. उलटी झुकलेली असेल तर दाब वाढला की ती दार उघडल्यासारखी मागे जाते. जमिनीवर दोन्ही सारख्याच दिसतात, हाच तर घोटाळा.

काउल काढा आणि आतल्या रंगाकडे बघा, पट्टीकडे नंतर. पट्टी जिथे टेकते तिथे काळपट, घासून गुळगुळीत झालेली रेघ असते. या रेघेवरून बोट फिरवत पूर्ण फेरी मारा. रेघ अखंड असेल तर सील काम करतंय. जिथे रेघ तुटते आणि खाली स्वच्छ पांढरा रंग दिसतो, तिथे पट्टी टेकतच नाही. मागच्या दोन कोपऱ्यांत आणि पुढे तोंडांच्या आतल्या काठाला रेघ हमखास तुटलेली सापडते.

रात्रीची परीक्षा याहून सोपी. काउल लावा, हँगरचे दिवे घालवा. मॅग्नेटो ऑफ, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि तरीही प्रोपेलर कधीही फिरेल असं समजूनच वावरा. खालच्या बाजूने, हवा बाहेर पडते त्या तोंडातून एलईडी दिवा आत सरकवा आणि पुढच्या तोंडांतून डोकवा. फिन्समधून झिरपणारा उजेड ठीक. काउलच्या छताला लागून उजेडाची पट्टी दिसली की ती गळती. एका १७२ मध्ये मागच्या डाव्या कोपऱ्यातून इतका उजेड आला की आमचे हेल्पर काका म्हणाले, ‘साहेब, इथून तर मांजर जाईल.’ पट्टी नवीच होती. काउल बसवताना तिचा कोपरा बाहेरच्या बाजूला दुमडला गेला होता आणि वर्षभर तसाच राहून त्याला तीच घडी पडली होती. विमान दोन उन्हाळे तापत होतं आणि मधल्या काळात त्याचा एक सिलिंडर बदलूनही झाला होता.

म्हणून काउल लावणाऱ्याला शिकवा: शेवटचे स्क्रू आवळण्याआधी तोंडातून हात घालून पट्टी आतल्या बाजूला ओढून घ्यायची. दोन मिनिटांचं काम. पट्टी कडक, चिरलेली, लाटा पडलेली असेल तर पूर्ण बदला, तुकडे जोडू नका. प्रत्येक सांधा पुढे फट होतो. कोपऱ्यात पट्टी कापून एकावर एक चढवा, ताणून वळवू नका. फार जुनी काळी पट्टी असेल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती कोरडी घासू किंवा कातरू नका, ओली करून काढा.

पत्रे

आता बॅफल. वरून दिसणाऱ्या पत्र्यातल्या चिरा सगळ्यांना सापडतात. ऑइल कूलर बॅफलवर टांगलेला असेल तर त्याच्या स्क्रूंपाशी चीर असतेच असं समजून बघा. न सापडणारे ते दोन सिलिंडरांच्या मधले छोटे वाकवलेले पत्रे. ते खालच्या बाजूने बसतात, हवेला सिलिंडरच्या पोटाला वळसा घालायला लावतात आणि एका तारेने ओढून धरलेले असतात. ते दिसत नाहीत, हाताला तेल लागतं, आणि सिलिंडर बदलल्यावर संध्याकाळच्या घाईत ते बाकावरच राहतात. ते नसतील तर हवा सरळ खाली पडते आणि सिलिंडरची खालची अर्धी बाजू कोरडी भाजते. एकच सिलिंडर तापत असेल तर आधी इथे आरसा घाला.

मग भोकं: केबिन हीटरची किंवा मॅग्नेटोला वारा घालणारी नळी निसटली असेल तर तिचं भोक म्हणजे उघडी खिडकी. क्रँककेस (इंजिनाची मधली पेटी) आणि पत्रा यांमधली फट लाल सिलिकॉनने भरलेली असते, ते सिलिकॉन सुटलंय का बघा. प्रत्येक फट नखाएवढीच दिसते. सगळ्यांची बेरीज केली तर तळहाताएवढी होते.

बाहेर पडायची वाट लोक विसरतात. हवा तापून फुगते, त्यामुळे तिला निघायला जागा जास्त लागते. खालच्या काउलची कड टोइंगमध्ये वर ठोकली गेली असेल, तर पुढची तोंडं कितीही मोठी असून उपयोग नाही. इंजिन माउंटची रबरं बसली की इंजिन नाकाकडे झुकतं, स्पिनर आणि काउल यांतली फट वर मोठी आणि खाली छोटी होते, आणि सगळ्या पट्ट्यांची जागाही एकदम चुकते. ती फट समोर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसते, तरी बरीच माणसं बघत नाहीत.

पुढची तोंडं मोठी करू का, असं दर दोन वर्षांनी कुणीतरी विचारतं. नको. पहिलं म्हणजे तो मंजुरीशिवाय करता न येणारा बदल आहे. दुसरं म्हणजे आत येणारी हवा कमी नसतेच.

इथे पुष्पकची आठवण येते. कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली एचएएलने ते घडवलं आणि १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेन्टल सी-९० इंजिन, कापडी अंग, साधं सरळ विमान. त्याचे पत्रे मिळेनासे झाले तेव्हा जुना तुटका पत्रा ठोकून सपाट करायचा, त्यावरून नमुना आखायचा आणि नवा कापायचा, असं चालायचं. तो नमुना एका बाजूला दोन सूत कमी आखला गेला तर पुढची सगळी अपत्यं दोन सूत कमी. एका पुष्पकचा मागचा सिलिंडर का तापतो हे मला नवा पत्रा जुन्या, मूळच्या पत्र्यावर ठेवला तेव्हाच कळलं.

इथपासून एएमईचं काम

वरचं सगळं ठीक असूनही तापत असेल तर मालकाने किंवा पायलटने पुढे जाऊ नये. पुढच्या तपासण्यांना परवाना, हत्यारं आणि सही लागते. एएमईचा क्रम साधारण असा असतो: इनटेक पाइपच्या गॅस्केटपाशी निळसर डाग आहे का, कारण तिथून शिरलेली जादा हवा त्या एका सिलिंडरचं मिश्रण पातळ करते, प्रायमर (सुरू करताना पेट्रोल सोडणारा छोटा पंप) गळतो का, मग मॅग्नेटो टायमिंग, डेटा प्लेटवर कोरलेल्या अंशांशी ताडून. ठिणगी चार-पाच अंश आधी पडली तरी सिलिंडर भराभर तापतात. नंतर व्हर्नाथर्म काढून गरम तेलात तपासायचा. तो गरम झाल्यावर लांबून बायपास बंद करतो. त्याची बैठक झिजली असेल तर तापलेलं तेल कूलरला वळसा घालून परत जातं. शेवटी कॉम्प्रेशन. सिलिंडरला ८० पौंड दाबाची हवा जोडून आत किती दाब टिकतो ते बघायचं, लायकॉमिंगमध्ये तो ६० च्या खाली उतरला की सिलिंडर काढायचा. नवा सिलिंडर असेल तर पहिले काही तास तो गरम चालतो, रिंगा बसेपर्यंत धीर धरा.

आणि यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी उड्डाण बंद, ‘एक सर्किट (धावपट्टीभोवती एक फेरी) मारून बघू’ नाही: सीएचटी ५०० फॅरनहाइट किंवा ऑइल २४५ ओलांडून गेलं (हे ओ-३२० चे आकडे, तुमच्या पुस्तकातले बघा), ऑइल फिल्टरमध्ये धातूचा चुरा, स्पार्क प्लगच्या पोर्सेलिनवर अ‍ॅल्युमिनियमचे बारीक मणी, म्हणजे आत डिटोनेशन (पेट्रोल-हवेचं मिश्रण जळण्याऐवजी एकदम फुटणं) झालं आहे, एक्झॉस्टला चीर किंवा काउलच्या आत भाजल्याचा डाग. एक्झॉस्टची चीर कूलिंगचा प्रश्न राहत नाही, तो आगीचा आणि केबिनमध्ये शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा होतो.

हवेत असताना काटा चढू लागला तर नाक खाली, वेग वाढवा, मिक्श्चर रिच, पॉवर थोडी थोडी कमी. ऑइल टेंपरेचर चढतंय आणि ऑइल प्रेशर उतरतंय असं एकदम दिसलं तर जवळची धावपट्टी गाठा.

उतरल्यावर टेक लॉगमध्ये नुसतं ‘हाय’ लिहू नका. बाहेरचं तापमान, चढताना धरलेला वेग, पाच मिनिटं चढल्यावर सीएचटी किती, ऑइल किती, मिक्श्चर कुठे होतं, आणि शेवटचं काउल कोणत्या तारखेला उघडलं होतं, हे सहा आकडे लिहा. माझा अर्धा दिवस वाचेल.